डावीकडे जाणारा पट आणि पटरची नेक

फोंड्याच्या एका गोल्फ खेळाडूचा प्रश्न आहे, पटरबद्दल. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, चेंडू लोटायची काठी म्हणजे पटर, तो फटका म्हणजे पट, आणि शाफ्ट (दांडा) हेडला जोडणारी मान म्हणजे नेक. ते उजव्या हाताने खेळतात आणि त्यांचा स्ट्रोक जरा गोलाईचा आहे. हातात मॅलेट, म्हणजे मोठ्या खोल हेडचा पटर आहे: डबल बेंडचा (शाफ्टला दोन वाक असलेला) आणि फेस-बॅलन्स्ड (शाफ्ट आडवा तोलला की फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, वर राहणारा). पाच-सहा फुटांचे सरळ पट वारंवार होलच्या डाव्या कडेने निघून जातात. कुणीतरी त्यांना सांगितलं, की गोल स्ट्रोकला टो हँग हवाच, म्हणजे हेडचं बाहेरचं टोक (टो) खाली झुकणारा पटर हवा. आता प्लंबर नेक घ्यावी, स्लँट नेक घ्यावी की सरळ झीरो टॉर्क (हेडला स्वतःचा वळण्याचा कल नसलेला) पटर घ्यावा, असं ते विचारतात. नेकचे हे प्रकार खाली समजावतो.

आधी छोटं उत्तर देतो. तुमच्या वर्णनावरून स्लँट नेकचा मॅलेट बसेल असं वाटतं. पण खाली सांगतो त्या दोन चाचण्या केल्याशिवाय पैसे घालू नका. पट डावीकडे जायला दोन वेगळी कारणं असू शकतात. एक तर तुम्ही मुळात डावीकडेच नेम धरत असाल, किंवा नेम बरोबर धरूनही चेंडूला लागेपर्यंत फेस बंद होत असेल, म्हणजे डावीकडे वळत असेल. चेंडू दोन्ही वेळी त्याच कडेने जातो, पण एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. नेम डावीकडे असताना टो हँग वाढवलात, तर एक चूक दुसऱ्या चुकीने झाकली जाईल. चार दिवस पट आत जातील आणि पाचव्या दिवशी उजवीकडे जायला लागतील.

किती बारीक गोष्टीबद्दल बोलतोय ते आकड्यांत पाहा. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५४. दहा फुटांच्या पटात फेस एक अंशाने चुकला की चेंडू मध्यापासून सुमारे ५३ मिलिमीटर सरकतो, म्हणजे जेमतेम कडेवर पोहोचतो. पाच फुटांवर तेवढंच सरकायला दोन अंश लागतात. तेव्हा तुमची चूक बहुधा दोन अंशांच्या आसपास किंवा थोडी जास्त आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, मोजावी लागते.

आता नेककडे येऊ. नेक एकाच वेळी तीन कामं करते आणि दुकानात त्यातल्या एकाचीच चर्चा होते. पहिलं काम म्हणजे शाफ्टचा अक्ष हेडच्या गुरुत्वमध्यापासून किती लांब ठेवायचा हे ठरवणं. त्यातूनच टो हँग येतो. दुसरं काम ऑफसेटचं, म्हणजे फेस शाफ्टच्या किती मागे आहे. त्यावर हातांची जागा आणि नेम दोन्ही अवलंबून असतात. तिसरं काम दिसण्याचं: वरून पाहताना नेक फेसची किती कड झाकते आणि डोळ्याला कोणती रेघ देते.

टो हँग पाहायची रीत सगळ्यांना माहीत असते. शाफ्ट बोटावर आडवा तोलायचा. फेस आकाशाकडे राहिला तर फेस-बॅलन्स्ड, टो खाली झुकला तर टो हँग. पण तो का झुकतो हे समजलं की दुकानदाराच्या शब्दांवर अवलंबून राहावं लागत नाही. शाफ्टच्या रेषेतून हेडकडे बघत आहात अशी कल्पना करा. गुरुत्वमध्य त्या अक्षापासून दोन दिशांना सरकलेला असतो: थोडा टोकडे आणि थोडा फेसच्या मागे. आडव्या शाफ्टवर हेड असं फिरतं, की गुरुत्वमध्य अक्षाच्या बरोबर खाली येतो, ओळंब्यासारखा. टोकडचं अंतर शून्य असेल तर फेस वर बघतो. टोकडे १५ मिलिमीटर आणि मागे १५ मिलिमीटर असेल तर झुकाव ४५ अंशांचा. टोकडचे १५ तेच ठेवून हेड खोल केलं आणि मागचं अंतर ३५ झालं, तर झुकाव २३ अंशांवर येतो. पातळ ब्लेडमध्ये (अरुंद हेडच्या पटरमध्ये) टोकडे २५ आणि मागे १० धरा, झुकाव ६८ अंशांपर्यंत जातो. हे आकडे नमुन्याचे आहेत, पण गणित असंच चालतं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, नेकच्या नावावरून टो हँग कळत नाही. तीच प्लंबर नेक ब्लेडवर मध्यम टो हँग देते आणि खोल मॅलेटवर बराच कमी. दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही: टो किती अंश झुकतो यावरून हेड हातात किती जोराने वळू पाहतं हे कळत नाही. तो जोर अक्षापासून गुरुत्वमध्याच्या एकूण अंतरावर आणि हेडच्या वजनावर असतो. तुमचा डबल बेंडचा मॅलेट फेस-बॅलन्स्ड आहे म्हणजे तटस्थ आहे, असं नाही. त्याचा गुरुत्वमध्य अक्षाच्या बराच मागे आहे, त्यामुळे त्यालाही स्वतःचा कल आहे. तुमच्यासारखा फेस उघडून मिटणारा स्ट्रोक असला की असं हेड लवकर मिटलेलं बऱ्याचदा दिसतं.

नेकचे प्रकार मी असे समजतो. प्लंबर नेक म्हणजे नळाच्या एल्बोसारखी दोन काटकोनांची मान. कार्स्टन सोलहाइमच्या १९६६ च्या पिंग अँसर पटरमुळे ती घरोघरी पोहोचली. तिचा ऑफसेट बहुधा पूर्ण शाफ्टभर असतो, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. हात आपोआप चेंडूच्या किंचित पुढे येतात. फ्लो नेक हीलमधून (हेडच्या खेळाडूकडच्या टोकातून) वळण घेत वर येते. तिचा ऑफसेट कमी असतो आणि टो हँग सगळ्यात जास्त. ज्यांचा फेस खरोखर खूप फिरतो त्यांनीच ती घ्यावी. शॉर्ट स्लँट मॅलेटवर जास्त दिसते. हीलजवळ तिरकी, बुटकी मान, ऑफसेट कमी ते मध्यम आणि खोल हेडवरही बऱ्यापैकी टो हँग. डबल बेंडमध्ये मान अशी नसतेच. शाफ्टलाच दोन वाक देऊन अक्ष गुरुत्वमध्याकडे नेलेला असतो, आणि ऑफसेट बहुधा पूर्ण शाफ्टचा असतो. सेंटर शाफ्टमध्ये ऑफसेट जवळजवळ नसतो. ज्यांचे डोळे चेंडूच्या अगदी वर असतात त्यांना तो आवडतो, पण टो-हीलला चुकलेला फटका हातात लगेच जाणवतो.

मॅलेट म्हणजे सरळ स्ट्रोकवाल्यांचं हत्यार, हा समज आता सोडायला हवा. मार्च २०२४ मध्ये गोल्फपटू स्कॉटी शेफलरने ब्लेड सोडून छोट्या एल नेकचा स्पायडर टूर एक्स हा मॅलेट घेतला आणि लगोलग अर्नॉल्ड पामर आणि प्लेअर्स या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. हेड मोठं, चुकीला माफ करणारं, आणि नेकमुळे टो हँगही आहे. हेड आणि नेक असे दोन निर्णय वेगवेगळे घेता येतात.

आता चाचण्या. पहिली नेमाची. छोटा सपाट आरसा दुतर्फी चिकटपट्टीने फेसच्या मध्यावर चिकटवा. सहा फुटांवर भिंतीशी एक पुठ्ठा उभा करा आणि त्याच्या पायथ्याशी लेझर पॉइंटर आरशाच्या उंचीवर, चेंडूकडे तोंड करून ठेवा. लेझर पॉइंटरची जागा हेच तुमचं होल. चेंडू ठेवा, नेहमीसारखे उभे राहा, नेम धरा. सोबत्याने चेंडू अलगद काढावा आणि मग लेझर सुरू करावा. लेझरकडे थेट बघायचं नाही. परतलेला ठिपका पुठ्ठ्यावर कुठे पडतो ते पेन्सिलने खुणावा. फेस एक अंश वळला की परावर्तित किरण दोन अंश वळतो, म्हणजे सहा फुटांवर ठिपका सुमारे ६४ मिलिमीटर सरकतो. लॉफ्टमुळे (फेस वरच्या बाजूला जेवढा कललेला असतो त्यामुळे) ठिपका वर चढेल, ३ अंश लॉफ्टला साधारण १९ सेंटिमीटर. तिकडे लक्ष देऊ नका, फक्त डावं-उजवं बघा. हे दहा वेळा करा आणि प्रत्येक वेळी बाजूला होऊन नव्याने उभे राहा. दहाही खुणा डावीकडे एका मुठीत मावतील एवढ्या जवळ आल्या तर नेम डावीकडे आहे, पण पक्का आहे. खुणा दोन्हीकडे विखुरल्या तर हेडचा आकार किंवा नेक तुमच्या डोळ्याला गोंधळवते आहे. हे जास्त वाईट, कारण त्याची सवय करून घेता येत नाही.

दुसरी चाचणी फेसची. नारळाच्या खराट्यातली एक सरळ काडी घ्या. ती हेडच्या वर, फेसला बरोबर काटकोनात, होलकडे टोक करून चिकटवा. जमिनीवर गवंड्याची दोरी ताणा किंवा लादीचा सांधा रेघ म्हणून वापरा. लादीवर चेंडू थांबतच नाही, म्हणून वर पातळ सतरंजी घाला आणि रेघेची खूण सतरंजीवर करा. मोबाइल रेघेच्या मागे जमिनीलगत ठेवून स्लो मोशनमध्ये २४० फ्रेमवर चित्रण करा. चेंडूपुढे दोन फुटांवर दोन टी (चेंडू ठेवायच्या खुंट्या) उभ्या करा, मध्ये ५५ मिलिमीटर जागा सोडून. चेंडू ४३ मिलिमीटरचा आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना सहा-सहा मिलिमीटर मोकळे राहतात. यातून चेंडू गेला तर सुरुवातीची दिशा साधारण अर्ध्या अंशात आहे. वीस पट मारा. किती डाव्या टीला लागले, किती उजव्या, ते लिहा. मग चित्रण थांबवून थांबवून बघा: मागे नेताना काडी किती उघडते, चेंडूला लागताना कुठे बघते आणि चेंडू गेल्यावर एक फुटापर्यंत किती मिटते. स्ट्रोकची वाट किती गोल आहे यापेक्षा ही काडी किती फिरते हे महत्त्वाचं. वाट गोल असूनही फेस कमी फिरणारे खूप जण असतात. त्यांना फक्त वाट बघून फ्लो नेक दिली की पट उजवीकडे राहायला लागतात.

त्याच वेळी फेसवर थोडी कॅरमची पावडर लावा. चेंडूचा ठसा उमटतो. ठसे हीलकडे जमा होत असतील तर फटक्याच्या क्षणी हेड डावीकडे वळतं. मग प्रश्न नेकचा नसून तुम्ही चेंडूपासून किती लांब उभे राहता याचाही असू शकतो.

नवी नेक घेण्याआधी तीन फुकटचे उपाय करून पाहा. पहिला चेंडूच्या जागेचा, आणि तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय त्याच्यावर आहे. गोल स्ट्रोकमध्ये फेस एका ठिकाणी चौरस होतो आणि त्याच्या पुढे मिटत जातो. चेंडू डाव्या पायाच्या फार जवळ ठेवला असेल तर फेस मिटल्यानंतर तो लागतो. चेंडू एका चेंडूभर मागे घ्या आणि वीस पटांची चाचणी पुन्हा करा. दुसरा उपाय ग्रिपचा. बऱ्याच पटरच्या ग्रिपची पुढची बाजू सपाट असते. ती दोन-तीन अंश वाकडी बसवलेली असेल तर तळवा चौरस धरूनही फेस बंद राहतो. फेस भिंतीच्या कडेला टेकवून वरून बघा, सपाट बाजू भिंतीला काटकोनात दिसायला हवी. वाकडी असेल तर नेक बदलण्याआधी ग्रिप नव्याने बसवून घ्या. तिसरा उपाय लांबीचा. पटर उंचीच्या मानाने लांब असेल तर टो वर उचलला जातो आणि डोळे चेंडूच्या रेघेच्या आत राहतात. टो चार अंश वर असेल आणि लॉफ्ट ३ अंश असेल तर प्रत्यक्ष दिशा फक्त ०.२ अंशाने बदलते, म्हणजे भूमितीचा दोष नगण्य आहे. खरी अडचण नजरेची: असा पटर तिरका दिसतो आणि नेम सरकतो. एक इंच खाली धरून दहा ठिपक्यांची चाचणी पुन्हा करा, लगेच कळेल.

एवढं करूनही पट डावीकडेच जात असतील तर नेककडे वळा. नेमाचे ठिपके मध्यावर आहेत, पण काडी फटक्याच्या वेळी मिटलेली दिसते: तुम्हाला टो हँग वाढवून द्यायचा आहे. तुमच्या सध्याच्या हेडचीच शॉर्ट स्लँट आवृत्ती मिळाली तर उत्तम. हेड तेच राहतं, नेमाची सवय मोडत नाही आणि फक्त वळण्याचा कल बदलतो. एकदम फ्लो नेकवर उडी मारू नका. शून्यावरून ३०-४५ अंशांपर्यंत जाणं पुरेसं असतं. त्याहून जास्त हँगने हेड मागे रेंगाळतं आणि पट उजवीकडे सुटायला लागतात.

नेमाचे ठिपके डावीकडे आहेत, पण काडीची हालचाल ठीक आहे: मग टो हँगला हात लावायचा नाही. ऑफसेट आणि दिसणं बदलायचं. पूर्ण ऑफसेटमुळे नेम नेमका कुठे सरकतो हे माणसागणिक बदलतं, म्हणून इथे ठाम नियम मी देत नाही. कमी ऑफसेटचा स्लँट, सेंटर शाफ्ट आणि प्लंबर असे तीन पटर मागून आणा आणि आरशाची चाचणी तिघांवर करा. अर्ध्या तासात कोणता डोळा कोणत्या नेकशी जुळतो ते दिसतं. हेडवरची रेघ बदलूनही फरक पडतो: लांब रेघेऐवजी एकच ठिपका, किंवा कोरं हेड. त्यासाठी पांढऱ्या चिकटपट्टीने रेघ झाकून बघा, काही खर्च नाही.

नेम आणि फेस दोन्ही चुकत असतील, म्हणजे नेम उजवीकडे आणि हात त्याला ओढून डावीकडे आणतात, तर आधी नेम दुरुस्त करा. नेम सुधारला की ओढणं बऱ्याचदा आपोआप कमी होतं. उलट क्रमाने गेलात तर हात जुनी दुरुस्ती करतच राहतील.

झीरो टॉर्कबद्दलही विचारलंय. २०२५ च्या यूएस ओपनमध्ये जे. जे. स्पॉनने ओकमाँटच्या शेवटच्या ग्रीनवर ६४ फुटांचा पट आत घातला, तो एल.ए.बी. डीएफ३ या झीरो टॉर्क पटरने. तेव्हापासून सगळे हेच विचारतात. या पटरमध्ये शाफ्टचा अक्ष जवळजवळ गुरुत्वमध्यातूनच जातो, त्यामुळे वर सांगितलेली दोन्ही अंतरं शून्याच्या आसपास येतात आणि हेडला स्वतःचा कल उरत नाही. ज्यांच्या चुका दोन्ही बाजूंना जातात, ज्यांचे हात फटक्याच्या क्षणी घाबरतात, त्यांना त्याचा मोठा उपयोग होतो. तुमची चूक एकाच बाजूची आहे, तेव्हा स्वस्त दुरुस्ती आधी करा. शिवाय अशा बऱ्याच पटरमध्ये शाफ्ट फेसच्या मागून वर येतो आणि फेस हातांच्या पुढे दिसतो. नजर रुळायला वेळ लागतो, आणि सुरुवातीचे काही दिवस लांब पटांचं अंतर चुकतं.

सध्याचाच पटर वाकवून घ्यायचा विचार असेल तर धातू विचारा. कार्बन स्टील आणि ३०३ स्टेनलेसची नेक दोन-तीन अंश सहज वाकते. १७-४ स्टेनलेस कडक असतं, ते मशीनवर आणि जपूनच. अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताच्या ओतीव हेडची नेक वाकवू नका, तडकते. लॉफ्ट वाढवला की ऑफसेट किंचित कमी होतो आणि लॉफ्ट घटवला की वाढतो, हे लक्षात ठेवून सांगा. डबल बेंडमध्ये वाक शाफ्टला द्यावा लागतो, वाकवायला वेगळं साधन लागतं. पाइप पकडायचा पान्हा लावला की शाफ्ट चेपतो आणि तिथेच मोडतो. नियमाची मर्यादाही आहे: पटरचा शाफ्ट हेडला कुठेही जोडता येतो, पण वाक सोलपासून (हेडच्या तळापासून) ५ इंचांच्या आतच असायला हवा आणि शाफ्ट उभ्या रेषेपासून किमान १० अंश कललेला हवा.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक काळजी. खाऱ्या हवेत आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत, कोरं कार्बन स्टील असेल तर नेकच्या खाचेत आधी गंज धरतो. खेळून आल्यावर सुक्या कपड्याने पुसा, यंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवा आणि हेड ओल्या कव्हरमध्ये ठेवू नका. डबल बेंडमध्ये शाफ्ट हेडवरच्या खुंटावर बसतो. त्या सांध्यात पाणी गेलं की डिंक सैल होतो आणि हेड अर्धा-एक अंश फिरतं. पट अचानक एकाच बाजूला जायला लागले, तर हेड हाताने हलकेच पिळून ‘टक’ असा आवाज येतो का बघा. तुमच्या जुन्या मॅलेटवरही हे आजच करा.

शेवटची तपासणी गवतावर करा. काणकोणला राजबागच्या नऊ होलच्या मैदानावर किंवा मोबोरला, सकाळचं दव उतरल्यावर. गवताचा कल चेंडूला ओढतो, म्हणून एकाच रेघेवर दोन्ही टोकांकडून दहा-दहा पट मारा: एकदा इकडून तिकडे, एकदा उलट. दोन्हीकडून डावीकडे गेले तर दोष तुमच्यात किंवा पटरमध्ये आहे. एका बाजूने डावीकडे आणि उलट बाजूने उजवीकडे गेले तर ग्रीनचा उतार आहे, नेकचा काही संबंध नाही. नवा पटर हाती आला की जुना लगेच विकू नका. महिनाभर दर आठवड्याला दोघांवर वीस-वीस पटांची टीची चाचणी करून वहीत लिहा. पहिल्या आठवड्यात नवेपणामुळेच आकडे चांगले येतात, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातले आकडे खरे धरा.